पहिली नोकरी, पहिला दिवस: काय घालू?

जून-जुलै आला की या सदरात एकाच विषयाची पत्रं येतात. पोरापोरींचं सिलेक्शन झालेलं असतं, जॉइनिंगची तारीख हातात असते आणि घरात चर्चा सुरू असते ती कपड्यांची. मी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडला शिल्प निदेशक, म्हणजे मशीनवरचं काम शिकवणारी, म्हणून सत्तावीस वर्षं काढली, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे, उत्तरं लांबली तर समजून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी औशाजवळच्या एका गावातला, डिप्लोमा मेकॅनिकल झालोय. चाकणच्या कंपनीत ट्रेनी म्हणून सोमवारी जॉइन व्हायचंय. वडिलांनी कपड्यांसाठी पाच हजार दिलेत. गावात सगळे म्हणतात ब्लेझर आणि टाय घे, छाप पडली पाहिजे. आधी गेलेला मित्र म्हणतो जीन्स-टीशर्ट चालतं. काय घेऊ?

ब्लेझर घेऊ नकोस बाळा, आणि टाय तर अजिबातच नको. शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथं मशीन चालतात तिथं, टाय घातलेल्या माणसाला सुपरवायझर पहिल्यांदा ती काढायला लावतो, कारण गळ्यात लोंबणारी कुठलीही गोष्ट फिरत्या मशीनला नको असते. आणि वडिलांनी ते पाच हजार कसे काढले असतील ते तुलाही माहितीये, मलाही अंदाज आहे.

आज उद्या एचआरला फोन कर. लाजू नकोस, रोज अशी दहा मुलं फोन करतात. विचार की सर, युनिफॉर्म मिळतो का, कितव्या दिवशी मिळतो, सेफ्टी शूज कंपनी देते का आणि तोपर्यंत काय घालून येऊ. बऱ्याच ठिकाणी पहिले काही दिवस नुसतं इंडक्शन, म्हणजे कंपनीची ओळख आणि नियम सांगणं, असतं आणि युनिफॉर्म शिवून यायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्याच दिवसांची सोय तुला करायचीये. पिंपरी कॅम्पात दोन साध्या सुती पँटी आणि तीन शर्ट घे, अडीच हजाराच्या आत बसव. उरलेले जपून ठेव, पहिला पगार हातात यायला महिना-सव्वा महिना जातो आणि तोपर्यंत मेसवाला थांबत नाही.

कापड घेताना एक कर. सुती म्हणून दुकानदार टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं कापड, देतो, त्यामुळे आतल्या शिलाईच्या कडेला कापडाचाच एक दोरा काढ, शिलाईचा नव्हे, आणि बाहेर येऊन काडीनं पेटव. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मागं राख राहते जी बोटात चुरते. पॉलिस्टर जळताना वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी तयार होतो. हाच मणी वेल्डिंग शॉपमध्ये ठिणगी पडली की तुझ्या कातडीवर तयार होतो आणि चिकटून बसतो, म्हणून सांगतेय. वेल्डिंगकडं टाकलं तर पँटचे पाय खालून दुमडायचे नाहीत, शर्टाचा खिसा उघडा ठेवायचा नाही, ठिणग्या बरोब्बर तिथंच जाऊन बसतात.

शूज कंपनी देतेच, पण माप नीट सांग. सेफ्टी शूजवर आयएस १५२९८ हा नंबर बघ. पुढची टोपी २०० ज्यूलचा मार सोसेल अशी असते, म्हणजे साधारण वीस किलोचा जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) मीटरभर उंचीवरून बोटांवर पडला तरी बोटं वाचतात. पण ही टोपी चामड्यासारखी पसरत नाही, आज बोटाला लागत असेल तर सहा महिन्यांनीही लागणारच. मापं संध्याकाळी घे, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात आणि तुला आठ तास उभंच राहायचंय. सुती मोज्यांचे चार जोड घे, रोज धुतलेला घाल.

आणि मनगटावरचा गंडा, हातातलं कडं, बोटातली अंगठी मशीनवर जाताना काढायचं. देवाचा दोरा खिशात ठेवलास तर देव रागावत नाही. हँडग्लोव्हजचंही ऐक, लेथवर (जॉब गोल फिरवून कापणारं मशीन) आणि ड्रिलवर मशीन फिरत असताना ग्लोव्हज घालायचे नसतात. नवीन मुलांना वाटतं हात सुरक्षित राहील, पण फिरत्या ड्रिलमध्ये ग्लोव्हजचं टोक अडकलं की हातही आत जातो. जॉब उचलताना, चिप (कापलेल्या धातूचा कीस) साफ करताना घाल पण तेव्हा मशीन बंद पाहिजे.

प्रश्न: मी आयटीआय टर्नर केलंय, भोसरीत अप्रेंटिसशिप मिळालीये. वर्गात मी एकटीच मुलगी होते. आई म्हणते ओढणी घेतल्याशिवाय कंपनीत जायचं नाही, पुरुषांत काम आहे. लग्न ठरतंय, पुढे मंगळसूत्राचाही प्रश्न येईल. आईला कसं समजावू?

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव, मी त्यांच्याशीच बोलते.

ताई, मी स्वतः अप्रेंटिस होते तेव्हा सलवार-कमीज आणि ओढणी घालूनच जायचे, ओढणी कमरेला गाठ मारून, पिन लावून, आपल्या मते अगदी घट्ट. लेथवर सगळ्यांचं लक्ष चककडं, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागाकडं, असतं कारण ते जोरात फिरताना दिसतं. पण आपल्या पोटाच्या खालच्या बाजूला लीड स्क्रू असतो, हळूहळू फिरणारा लांब आट्यांचा दांडा, त्याच्याकडं कुणी बघत नाही. एका दुपारी मी वाकून माप घेत होते आणि गाठीतून सुटलेलं ओढणीचं टोक त्या आट्यांत गेलं. झटका वगैरे काही बसला नाही, नुसतं कुणीतरी मला शांतपणे खाली ओढतंय असं वाटलं, आणि काय होतंय हे कळेपर्यंत माझी हनुवटी कॅरेजला (हत्यार धरून सरकणारा लेथचा भाग) टेकली होती. शेजारच्या लेथवरच्या काकांनी धावत येऊन मशीन बंद केलं आणि कात्रीनं ओढणी कापली. गळ्यावर आठ दिवस लाल वळ होता, मी घरी सांगितलं की उन्हानं उठलाय. आईला खरं सांगायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली.

म्हणून पोरीला ओढणीशिवाय पाठवा. पूर्ण बाह्यांचा, मनगटाला बटण लागणारा, थोडा लांब सुती शर्ट आणि पँट, वरून कंपनीचा ॲप्रन किंवा बॉयलर सूट (शर्ट-पँट एकत्र असलेला कामाचा पोशाख). यात ओढणीपेक्षा अंग जास्त झाकलं जातं, तुमची काळजी तीच आहे ना. १९४८ च्या कारखाने कायद्यातसुद्धा कलम २२ मध्ये चालू मशीनची तपासणी किंवा ऑइलिंग करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकानं द्यावेत असं लिहिलेलं होतं, म्हणजे हे काही आजकालच्या पोरींचं फॅड नाही.

आणि बेटा, तुला: वेणी घालून अंबाडा कर आणि टोपीच्या आत घे, नुसती पोनी नको. मंगळसूत्र शिफ्टला जाताना काढून लॉकरमध्ये ठेवायचं, हे लग्न ठरतानाच सासरी मोकळेपणानं सांग, नंतर सांगण्यापेक्षा ते सोपं जातं. माझ्या सासूबाईंना मी कारखान्यातलं मशीन दाखवायला नेलं होतं, त्यानंतर त्याच मला सकाळी आठवण करायच्या, गळा मोकळा केलास का म्हणून. बांगड्याही नकोत. कंपनीकडं मुलीच्या मापाचे शूज नसतील तर मागून घे, पुरुषांचा मोठा नंबर कापूस भरून घालू नकोस, चालताना पाय आत सरकतो आणि माणूस पडतो.

प्रश्न: नाशिकला अंबडमध्ये इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत लागलेय. थंडीत ॲप्रनवरून स्वेटर घातला तर सुपरवायझर ओरडले, सगळ्यांसमोर. आता स्वेटरनं काय बिघडतं?

सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं, समजावून सांगितलं असतं तर तू हे पत्र लिहिलं नसतंस. पण सांगणं बरोबर होतं. लोकरीचा किंवा ॲक्रिलिकचा स्वेटर अंगावर घासला की स्थिर वीज तयार होते, रात्री अंधारात स्वेटर काढताना तडतड आवाज येतो ना, तीच. आपल्याला तिचा चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, आणि बोर्डवरच्या काही इलेक्ट्रॉनिक चिप शंभर व्होल्टच्या आतच खराब होतात. म्हणजे तुला काहीच कळलं नाही तरी बोर्ड गेलेला असतो, आणि कित्येकदा तो लगेच बंद पडत नाही, टेस्टिंगला पास होतो आणि गिऱ्हाईकाकडं जाऊन मरतो. नाशिकच्या थंडीत हवा कोरडी असल्यानं हे जास्त होतं.

स्वेटर ॲप्रनच्या आत घाल, बाही किंवा कॉलर बाहेर दिसता कामा नये, ॲप्रनची सगळी बटणं लाव. आतून सुती थर्मल घातलंस तर स्वेटरही लागणार नाही. रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा, कातडीला टेकला पाहिजे, बाहीवरून बांधला तर उपयोग शून्य.

प्रश्न: मुलगा हिंजवडीत आयटीत लागलाय. रोज टीशर्ट आणि स्पोर्ट्स शूज घालून जातो. एवढा पगार आणि हा अवतार. मी त्याला काही बोलू का? (सांगलीहून एक आई)

ताई, नका बोलू. आयटीतले नियम बदललेत, इन्फोसिससारख्या कंपनीनंसुद्धा २०१५ मध्ये रोजच्या रोज स्मार्ट कॅज्युअल चालेल असं केलं. त्याच्या टीममध्ये काय चालतं ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. फक्त कपडे धुतलेले आणि इस्त्रीचे आहेत ना, मोज्यांना वास येत नाही ना, एवढं बघा, एसीच्या बंद खोलीत आठ-नऊ तास बसायचं असतं आणि शेजारचा बिचारा बोलू शकत नाही. क्लायंट येणार असेल त्या दिवसासाठी एक चांगला शर्ट-पँट आणि काळे शूज घेऊन द्या.

प्रश्न: कॉन्ट्रॅक्टरकडून लागलोय. त्यानं पहिल्या पगारातून सेफ्टी शूज आणि हेल्मेटचे पैसे कापले. हे बरोबर आहे का?

नाही, हे बरोबर नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कलम ६ मध्ये स्पष्ट आहे की सुरक्षेसाठी जे द्यायचं त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस म्हणून तुझी बोटं स्वस्त होत नाहीत. आधी पगाराची स्लिप जपून ठेव, कपात लिहिलेली असेल तर तिचा फोटो काढ. मग कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला भेट, कॉन्ट्रॅक्टरशी भांडत बसू नकोस, बऱ्याचदा कंपनीला हे माहितीच नसतं आणि तिथंच काम होतं. नाहीच झालं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ऑफिसात लेखी अर्ज दे, पोच घे. आणि हे सगळं होईपर्यंत शूज घालूनच काम कर, रागानं चपलेवर जाऊ नकोस.