चाळिशीत सापडलेला डायफ्रॅमचा जन्मजात हर्निया: त्रास नाही, मग ऑपरेशन कशाला?

भाऊ ४१ वर्षांचा, नोकरीच्या मेडिकलमध्ये हर्निया दिसला, त्रास शून्य, मग धोका कसला, असं विचारलंय तुम्ही. मी ठाण्यात एका सीटी स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. तेवढं धरून वाचा.

डायफ्रॅम म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधली स्नायूची भिंत; तिच्यातलं भोक जन्मापासूनचंच. मागच्या बाजूला, बहुधा डावीकडे असेल तर त्या प्रकाराला बोखडालेक म्हणतात. पुढे, बहुधा उजवीकडे असेल तर मॉर्गानी. लहान भोकातून नुसती चरबी वर गेली असेल तर डॉक्टर बऱ्याचदा लक्ष ठेवून थांबतात. खरी भीती जठर किंवा आतडं सरकण्याची. ते अडकलं, पिळलं की रक्तपुरवठा तुटतो, तो भाग काळा पडतो, आणि फुटलाच तर सगळी घाण थेट छातीत. जोराचा खोकला, जड उचलणं, बायकांत गरोदरपण, अशी निमित्तं पुरतात.

दुसरा घोळ निदानाचा. कळव्याचे एक काका 'छातीत पाणी' असा कागद घेऊन आले होते, नळी घालायची तयारी झालेली. पडद्यावर बघतो तर डाव्या फुप्फुसाच्या जागी आतड्याची वळणं, आत हवा! नळी गेली असती तर आतड्यालाच भोक.

तेव्हा सीटी करून सर्जनला विचारा, वर नक्की काय सरकलंय? आतडं-जठर असेल तर त्रास नसतानाही सहसा दुरुस्तीच सुचवतात, अनेकदा दुर्बिणीतून. आणि अचानक कळ, उलट्या, धाप, गॅस बंद असं झालं तर ॲसिडिटी म्हणून इनो घेत बसू नका, रात्र असली तरी लगेच कॅज्युअल्टी गाठा.