डॉमिनोची दादागिरी

प्रश्न : आमचा खाऱ्या पाण्याचा दोन फुटी टँक आहे, साधारण 70 लिटरचा. वर्षभर त्यात डॉमिनो डॅमसेल जातीचा एकच मासा होता. गेल्या महिन्यात मुलीच्या हट्टापायी दोन छोटे निमो (क्लाउनफिश) आणले. डॉमिनो त्यांना कोपऱ्यातून हलू देत नाही. एकाची शेपटी कुरतडली आहे, तो दिवसभर फिल्टरमागे असतो. दुकानदार म्हणतात, आणखी दोन डॅमसेल सोडा, मारामारी वाटली जाईल. सोडू का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुळीच सोडू नका. मोठ्या टँकमध्ये, भरपूर मासे असतील तर ही युक्ती थोडीफार चालते. 70 लिटरमध्ये माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया तेवढा वाढेल आणि मार खाणारे दोनाचे चार होतील.

डॉमिनो स्वस्त आणि चिवट, म्हणून नवीन टँकमध्ये पहिला तोच खपवतात. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके, नखाएवढं पिल्लू, कुणालाही आवडतं. पण तो 14 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि वर्षभर एकटा राहिलेला डॉमिनो म्हणजे पागडीच्या खोलीतला जुना भाडेकरू. समुद्रात हरलेला मासा चार हात लांब पळाला की भांडण मिटतं. तुमच्याकडे पळणार कुठे? काचेपर्यंत!

तेव्हा डॉमिनोलाच बाहेर काढा. जाळी घेऊन मागे लागू नका, तो दगडांत शिरेल आणि निमो घाबरून अर्धे होतील. लिटरची प्लॅस्टिकची बाटली वरून कापा, तोंडाचा भाग उलटा करून आत बसवा, कोळंबीचा तुकडा टाका, दोरी बांधून तळाशी ठेवा. आदल्या दिवशी खाणं देऊ नका. दादागिरी करणाराच आधी खायला येतो, तो आत शिरला की दोरी ओढायची.

दगड हलवून त्याची हद्द मोडावी आणि त्यालाच परत सोडावा, असंही सुचवतात. पिल्लू असतं तर मीही सांगितलं असतं. एवढ्या मुरलेल्याला पाच-सहा फुटी टँक असलेल्या कुणाकडे तरी द्या. समुद्रात सोडायला जाऊ नका. आणि दगड मांडताना किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून आणू नका. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

कुरतडलेली शेपटी स्वच्छ पाण्यात आपोआप भरते, औषध ओतू नका. थोडं थोडं पाणी बदला, अमोनिया तपासत राहा.

डॉमिनो गेल्यावर निमोंमध्येच जुंपेल. घाबरू नका. हे मासे आधी नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. धाकटा अंग तिरकं करून थरथरला तर तो आजार नव्हे, शरणागती आहे. मात्र धाकट्याचं खाणं सुटलं किंवा पंख फाटले, तर दोघांमध्ये भोकांची पारदर्शक पट्टी लावा.

तिसरा मासा सध्या नकोच. मुलगी ऐकतच नसेल तर एखादा फायरफिश आणा, पण आधी बारीक जाळीचं झाकण करून घ्या. तो घाबरला की टँकबाहेर उडी मारतो.