ओडिशातल्या चक्रीवादळग्रस्तांसाठी नवापूरच्या चर्चमधून जुने कपडे पाठवावेत का?

कपडे नकोतच. आमच्या नवापूरपासून तो किनारा हजार किलोमीटरच्या पुढे. गाठोड्यांचं भाडंच मालाहून महाग पडतं, आणि तिथे चिखलात ते निवडून वाटत कोण बसणार? आमच्या मंडळीनेही एकदा तीन पोती भरली होती. उघडून पाहिलं तर फाटके स्वेटर आणि एक चक्क शेरवानी!

पैसे द्या. एका रविवारचं खास दानार्पण पाळकांमार्फत कासाकडे (प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची संस्था, १९४७ पासूनची) किंवा कॅथलिकांच्या कॅरितास इंडियाकडे पाठवता येतं. मदत फक्त ख्रिस्ती लोकांना मिळते का, असंही विचारलंय. नाही, धर्म न बघता द्यायची हे या संस्थांचं धोरण आहे.

आधी ताडपत्री, अन्न, पिण्याचं पाणी. पण खरं काम नंतरचं: घरं उभारणं, खारं पाणी शिरलेल्या विहिरी उपसणं, बियाणं. तोवर टीव्हीवाले निघून गेलेले असतात. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. २०१९ च्या फनीच्या वेळी १० लाखांहून जास्त लोक आधीच हलवले, म्हणून बळी शंभरच्या आत राहिले. त्यात निवारा केंद्रांचा वाटा मोठा, आणि पूर्व किनाऱ्यावरची अशी काही केंद्रं चर्चच्या संस्थांनीही बांधलेली आहेत.

पैसे कुणा एकाच्या खाजगी खात्यावर टाकू नका. संस्थेच्याच खात्यात भरा, पावती घ्या.