शॉपमधून विमा घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणत्या महिन्यापासून

तुम्ही अमेरिकेत दातांचा दवाखाना चालवता, तुम्ही आणि तुमच्या पत्नी धरून दहा जण तिथे काम करतात, आणि एजंटने तुम्हाला सांगितले आहे की लहान व्यवसायांच्या सरकारी बाजारपेठेच्या, म्हणजे शॉपच्या, फंदात न पडता विमा कंपनीकडूनच थेट योजना घ्या, कारण हप्ता तोच पडतो. एजंट खरे सांगतो आहे, पण अर्धेच.

हप्ता तोच पडतो हे खरे आहे, कारण शॉपमध्ये असलेली योजना कंपनीने बाहेर विकली तरी तिला दर वेगळा लावता येत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या शॉपमध्ये २०१८ पासून ऑनलाइन नोंदणीच होत नाही. हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर योजना पाहायच्या, पात्रता तपासून घ्यायची आणि खरेदी एजंट किंवा कंपनीमार्फत करायची, अशी व्यवस्था आहे. नाव दुकानाचे, पण गल्ला दुसरीकडे! काही राज्यांची स्वतःची बाजारपेठ आहे, तिथली पद्धत वेगळी असू शकते.

मात्र लहान व्यवसायांसाठी असलेली आरोग्य विम्याची करसवलत केवळ शॉपमधून, म्हणजे पात्रता तपासून घेऊन शॉपमधली योजना घेतली तरच मिळते, आणि हे एजंटने सांगितलेले दिसत नाही. मी स्वतः यात फसलो आहे. पहिल्या वर्षी थेट कंपनीकडून योजना घेतली, कर भरायच्या वेळी आमच्या लेखापालांनी शॉपच्या पात्रतेचे पत्र मागितले, आणि असे काही पत्र असते हेच मला ठाऊक नव्हते. योजना चांगली होती, पण सवलत गेली.

तुमच्या आकड्यांवर हिशेब मांडून पाहू. मालक आणि त्याचे कुटुंबीय मोजले जात नाहीत, म्हणून तुम्ही दोघे वगळून पाच पूर्णवेळ आणि तीन अर्धवेळ कर्मचारी उरतात. पूर्णवेळ माणसाचे वर्षाला जास्तीत जास्त २,०८० तास धरतात, जादा काम कितीही केले असले तरी. पाच जणांचे १०,४०० आणि अर्धवेळ तिघांचे ३,१२० मिळून १३,५२० तास होतात. त्याला २,०८० ने भागले की ६.५ येतात आणि खालचा पूर्णांक म्हणून ६ धरले जातात. सवलतीसाठी हा आकडा २५ पेक्षा कमी हवा आणि १० पर्यंत असेल तर त्यापोटी कपात होत नाही, म्हणजे इथे तुम्ही निर्धास्त आहात. तुम्ही कळवलेला एकूण पगार २,२१,००० डॉलर आहे. त्याला ६ ने भागून हजारात खाली उतरवले की सरासरी ३६,००० येते. २०२४ च्या नियमानुसार ३२,४०० च्या वर सवलत घटू लागते आणि ६४,८०० ला संपते, त्यामुळे तुमची एक नवमांश घटेल. या कर्मचाऱ्यांच्या हप्त्यापोटी तुमच्या खिशातून वर्षाला २४,००० डॉलर जात असतील, तर पूर्ण सवलत त्याच्या निम्मी म्हणजे १२,००० आणि त्यातून १,३३३ वजा जाता सुमारे १०,६६७ डॉलर कर वाचतो. तुमच्या भागातल्या लहान व्यवसायांच्या सरासरी हप्त्यापेक्षा तुमचा हप्ता महाग असेल तर हिशेब त्या सरासरीवर होतो, एवढे ध्यानात ठेवा. कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या हप्त्यातला किमान निम्मा वाटा तुम्ही उचलला पाहिजे. त्याच्या कुटुंबाचा वाटा उचलण्याची सक्ती नाही.

आता महिन्याविषयी, कारण चुका बहुतेक इथेच होतात. ही सवलत सलग दोनच करवर्षे मिळते आणि ती मागण्यासाठीचा ८९४१ क्रमांकाचा फॉर्म कर विवरणपत्राला पहिल्यांदा जोडला की ते घड्याळ सुरू होते. तुम्ही म्हणता तसे ऑक्टोबरमध्ये विमा सुरू करून त्याच वर्षी फॉर्म जोडलात, तर तीन महिन्यांच्या हप्त्यासाठी दोनपैकी एक वर्ष खर्ची पडेल. त्यामुळे माझे मत जानेवारीच्या बाजूने आहे. त्यात आणखी एक सोय अशी की विमा देऊ केलेल्यांपैकी बहुतेक राज्यांत ७० टक्के लोकांनी तो स्वीकारावा किंवा त्यांच्याकडे दुसरा विमा असावा अशी जी अट आहे, ती १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात अर्ज केल्यास लागू होत नाही. तुमच्या पाचांपैकी दोघे नको म्हणत आहेत आणि त्यांच्याकडे दुसरा विमाही नाही, म्हणून ही खिडकी तुमच्या उपयोगाची आहे.

अर्धवेळ तिघांनाही विमा द्यावा असे तुमच्या मनात आहे, ते चांगले आहे, पण आधी त्यांना विचारा. आठवड्याला ३० तासांपेक्षा कमी काम करणाऱ्यांना विमा देऊ करणे बंधनकारक नाही. त्यांच्यापैकी कोणी वैयक्तिक बाजारपेठेतून सरकारी मदतीवर विमा घेत असेल, तर तुमच्याकडून परवडण्याजोगा विमा नुसता देऊ केला गेला तरी त्याची ती मदत बंद होऊ शकते, मग त्याने तुमचा विमा घेतला असो वा नसो.