वाचकांचे प्रश्न : फाईल लहान केली, तरी व्हिडिओ अडकतो

प्रश्न : मी विज्ञानाचे तास मोबाईलवर चित्रित करून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतो. ४० मिनिटांच्या तासाची सुमारे ५ जीबीची फाईल हँडब्रेक हा व्हिडिओ लहान करणारा प्रोग्रॅम वापरून १ जीबीवर आणली. तरीही विद्यार्थ्यांना सुरुवातीला बराच वेळ थांबावे लागते आणि पुढे प्रयोगाच्या भागात चित्र हमखास अडकते. फाईल आणखी किती लहान करावी?

उत्तर : चित्र प्रयोगाच्याच भागात अडकते, हे आपण नेमके टिपले आहे आणि दुखणे तिथेच आहे. ४० मिनिटांना १ जीबी म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे ३.३ मेगाबिट, पण पाहणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीला या सरासरीशी काही देणेघेणे नसते, तिला त्या त्या क्षणी किती माहिती वाहून न्यावी लागते, एवढेच महत्त्वाचे असते. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत, अधूनमधून एक पूर्ण चित्र साठवतो, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि मधल्या चित्रांत मुख्यतः काय बदलले तेवढेच नोंदवतो. त्यामुळे आपण फळ्यापाशी उभे राहून बोलत असता तेव्हा सेकंदाला १ मेगाबिटही पुरतो, मात्र उकळते पाणी किंवा धूर दिसू लागला की पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती, सरासरीच्या कितीतरी पट वर जाऊ शकतो. हँडब्रेकमधील स्थिर दर्जाची पद्धत दर्जा राखते, बिटरेटला मोकळे सोडते. फाईल घरी साठवायची असेल तर ही पद्धत उत्तम आहे. स्ट्रीमिंगसाठी तिला वरची मर्यादा घालावी लागते.

ही मर्यादा घालण्यासाठी एच.२६४ हा कोडेक निवडून प्रगत पर्यायांच्या चौकटीत व्हीबीव्ही-मॅक्सरेट २५०० आणि व्हीबीव्ही-बफसाईज ५००० असे लिहावे (ही नावे अर्थातच रोमन अक्षरांत; पहिला आकडा बिटरेटची कमाल मर्यादा, सेकंदाला किलोबिटमध्ये, आणि दुसरा ती मर्यादा मोजताना धरायच्या साठ्याचा आकार, किलोबिटमध्ये). हे आकडे ७२०पी, म्हणजे ७२० ठिपके उंचीच्या, चित्रासाठी सुरुवात म्हणून धरावेत. प्रयोगाचा भाग किंचित मऊ दिसेल. परंतु थांबत थांबत दिसणाऱ्या स्पष्ट चित्रापेक्षा सलग दिसणारे थोडे मऊ चित्र शिकणाऱ्याला नक्कीच जास्त उपयोगाचे, असे माझे मत आहे. फळ्यावरचे बारीक अक्षर वाचता येते का, हे मात्र एक मिनिटाचा तुकडा बनवून मोबाईलच्या पडद्यावर तपासून घ्यावे. आवाजात काटकसर करू नये, कारण त्याचा वाटा मुळातच नगण्य असतो.

सुरुवातीच्या प्रतीक्षेचे कारण वेगळे आहे. एमपी४ फाईलमध्ये कोणते चित्र कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते आणि चित्रीकरण संपेपर्यंत ती पूर्ण होत नसल्याने ती बहुधा फाईलच्या शेवटी लिहिली जाते. ब्राउझरला ती आधी लागते. सर्व्हर फाईलचा हवा तो तुकडा देऊ शकत नसेल, तर त्या अनुक्रमणिकेसाठी सगळी फाईल उतरवून घ्यावी लागते. हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ या चौकटीत खूण केली की अनुक्रमणिका पुढे येते. एफएफएमपेग हा प्रोग्रॅम वापरणारे यालाच फास्टस्टार्ट म्हणतात आणि त्यासाठी व्हिडिओ पुन्हा एन्कोड करण्याची, म्हणजे कोडेकने नव्याने दाबण्याचीही गरज नसते.

एवढे करूनही एकच फाईल सगळ्यांना मानवणार नाही. विद्यार्थ्यांच्या जोडण्यांच्या वेगात फार तफावत असेल, तर एचएलएस पद्धतीकडे वळावे. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या या पद्धतीत एकाच व्हिडिओच्या ३६०पी, ७२०पी अशा आवृत्त्या काही सेकंदांच्या तुकड्यांत ठेवतात आणि जोडणीचा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या आवृत्तीचा घ्यायचा, हे प्लेअर ठरवतो. आवृत्ती बदलताना चित्र उडू नये म्हणून सर्व आवृत्त्यांत कीफ्रेम त्याच जागी, साधारण दर २ सेकंदांनी, असावी लागते.

नवी फाईल मूळ ५ जीबीच्या फाईलवरूनच बनवावी, कारण १ जीबीच्या फाईलमधून गळालेले तपशील परत येत नाहीत.

प्रश्न : एच.२६४ जुने झाले, आता एच.२६५ किंवा एव्ही१ वापरावे का?

उत्तर : एच.२६४ हे २००३ चे, एच.२६५ हे २०१३ चे आणि एव्ही१ हे २०१८ चे. नवे कोडेक तेवढाच दर्जा बऱ्याच कमी बिटरेटमध्ये देतात, हे खरे. पण एन्कोडिंगला वेळ जास्त लागतो आणि जुन्या उपकरणांवर ते चालतीलच असे नाही. मुख्य आवृत्ती एच.२६४ मध्येच ठेवावी आणि नव्या कोडेकची आवृत्ती हवी असल्यास तिच्या जोडीला द्यावी.