चयापचय ‘बिघडतो’ की ‘पालटतो’?

एका वाचकाने विचारलंय: ‘कर्करोगाच्या पेशींचा चयापचय बिघडतो’ असं एका लेखात वाचलं. चयापचय म्हणजे पचनच ना? आणि तो बिघडतो म्हणजे काय होतं?

आधी पचनाचं. कानाला ‘पचय’ ऐकू येतं, म्हणून हा शब्द पचवण्याशी जोडला जातो. पण त्याची फोड चय + अपचय अशी आहे. मूळ धातू ‘चि’, म्हणजे गोळा करणं, रचणं. संचय आणि समुच्चय याच घरातले. लहान रेणू जोडून मोठे घडवणं हा चय, मोठे मोडून ऊर्जा मोकळी करणं हा अपचय. पचन अन्नमार्गात उरकतं. चयापचय प्रत्येक जिवंत पेशीत अखंड चालू असतो.

ही फोड लक्षात ठेवली की कर्कपेशीचं वागणं समजायला सोपं जातं. सहा कार्बनांचा ग्लुकोज तुटून तीन-तीन कार्बनांचे पायरुव्हेटचे दोन रेणू होतात. इथवर एटीपीचे, म्हणजे पेशी ऊर्जा ज्या रूपात वापरते त्या रेणूचे, जेमतेम 2 रेणू पदरात पडतात. निरोगी पेशी ऑक्सिजन असला की सहसा हे पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत) पूर्ण जाळते आणि एकूण 30च्या आसपास एटीपी मिळवते. कर्कपेशी मात्र ऑक्सिजन हाताशी असतानाही बरंचसं पायरुव्हेट लॅक्टेटच्या रूपात बाहेर टाकते. ऊर्जेपुरतं पाहिलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण जिला दुप्पट व्हायचंय तिला बांधकामाचा मालही हवा असतो. म्हणून ती ग्लुकोज भराभर आत ओढते आणि तो मोडण्याच्या वाटेवरच काही रेणू बाजूला काढते; कुणापासून डीएनएसाठी लागणारी पाच कार्बनांची शर्करा, कुणापासून सेरीन हे अमिनो आम्ल. ग्लुटामिन हे अमिनो आम्लही ती असंच वापरते. अपचय अर्ध्यावर सोडायचा आणि चयाला माल पुरवायचा, असा हा मामला आहे.

‘बिघडतो’ या क्रियापदामागे एक जुना समज आहे. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात लॅक्टेटची ही गोष्ट टिपली आणि पेशीचं श्वसनच (मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणं) बिघडलेलं असणार असं मानलं; 1956 सालीही ते त्यावर ठाम होते. पुढे दिसून आलं की बहुतेक कर्कपेशींचे मायटोकॉन्ड्रिया चालू असतात. बिघाड जनुकांत असतो, आणि ती जनुकं चयापचयाला नवं वळण लावतात. म्हणून मी ‘चयापचय पालटतो’ किंवा ‘चयापचयाची फेरमांडणी होते’ असं लिहीन. काही मोजक्या गाठींत मायटोकॉन्ड्रियातलं एखादं विकरच (एन्झाइम) निकामी असतं. तिथे ‘बिघडतो’ खुशाल लिहावं.

याच विषयावर लिहिताना ‘कॅन्सर साखरेवर जगतो’ असंही सर्रास लिहिलं जातं. तिथे कृपा करून ‘ग्लुकोज’ लिहा. ‘साखर’ वाचली की डोळ्यांपुढे डबा येतो आणि घरातल्या रुग्णाचं गोड बंद होतं. रक्तातला ग्लुकोज मात्र गोड न खाताही असतोच. उपाशीपोटी यकृत तो स्वतः तयार करतं.