जीन टेस्टचं राहू द्या, आधी तो पट्टा लपवा

अकरावीत ६८ टक्के, वर्गातल्या पोराचं नाक फोडलं म्हणून कॉलेजने आठवडाभर घरी बसवलेलं, आजोबाही डोकं फिरलं की काठी उचलायचे म्हणजे हे रक्तातच आहे, तर रीलमध्ये बघितलेल्या 'वॉरियर जीन'ची (ज्याने माणूस मारकुटा होतो म्हणतात तो) टेस्ट करून पोराला एनडीएला घालू का, असा तुमचा प्रश्न. पण दादा, मी अडकले ते मधल्याच एका ओळीत. "सहावीपासून पट्टा खातोय तरी काही फरक नाही."

फरक नाही कसा? राग आला की हात उचलायचा, हे तो पाच-सहा वर्षं घरातच बघतोय की.

आता त्या जीनचं. रीलवाल्याने अर्धंच सांगितलंय. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यातल्या मुलग्यांबद्दल २००२ मध्ये जे छापून आलं ते असं की ज्यांच्यात एमएओए हा जीन (तुमचा 'वॉरियर जीन' तो हाच) कमी काम करतो आणि लहानपणी घरात छळही झाला, अशी पोरं होती फक्त १२ टक्के, पण मारामारीच्या गुन्ह्यांतल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर. तोच जीन असून घरात छळ न झालेली पोरं चारचौघांसारखीच निघाली. नंतरच्या काही अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलं नाही तो भाग वेगळा. आणि गंमत म्हणजे हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, मुलाला तो आईकडूनच मिळतो, म्हणजे तुमच्या वडिलांकडून तो आलेलाच नाही. (आता यावरून बायकोच्या माहेरावर घसरू नका.) टेस्टचे पैसे वाचवा.

एनडीएची लेखी यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, पुढे एसएसबी म्हणजे फौजेची निवड-मुलाखत, आणि तिथे पाच दिवस ठेवून बघतात ते डोकं ठिकाणावर राहतं का हेच. तापट पोरगा फौजेत खपेल ही समजूत सोडा.

पोराला स्वतःला काय करायचंय, हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही. तक्रार म्हणून मात्र लिहिलंय की तो कोपऱ्यावरच्या गॅरेजात चार-चार तास इंजिन खोलत बसतो. तिथे कधी भांडण झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

तर आधी पट्टा बंद, आजपासून. मग दोघं मिळून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, तुम्हीही बोला त्यांच्याशी. आणि गॅरेजवाल्याला विचारा, नट अडकला की हा काय करतो. तो काय म्हणतो ते कळवा, मग मेकॅनिकलच्या डिप्लोमाचं बघू.